पाडा : नाम की क्रियापद?

डिसेंबर उजाडला की आमच्या भागातल्या शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात आणि त्यांत दोन गोष्टी हमखास असतात. एक कोळीनृत्य. समुद्र कधी न पाहिलेली आठवी-नववीची मुले लाल टोप्या घालून, पुठ्ठ्याची वल्ही हातात धरून रंगमंचावर डोलतात. दुसरी म्हणजे रंगमंचामागची भिंत. तिच्यावर गेरूचा हात देऊन पांढऱ्या रंगात वारली चित्रे काढलेली असतात : मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती माणसांचा फेर. गेली अनेक वर्षे पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून मी हे पाहतो, टाळ्या वाजवतो आणि अध्यक्षीय समारोपात 'आपल्या समृद्ध लोकसंस्कृती'विषयी चार वाक्ये बोलतो.

काही वर्षांपूर्वी भिंत रंगवणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे वारली लोक ऱ्हातात कुठं?" मी सवयीने उत्तर दिले, "डहाणू-तलासरीच्या जंगलात." तो म्हणाला, "माझा मामा गोरेगावला हाय. त्याच्या बिल्डिंगीच्या पलीकडंबी वारली हाइत म्हनतोय." मामा बरोबर होता आणि मुख्याध्यापक चुकला होता. माझी चूक केवळ भूगोलाची नव्हती. मराठी वाचून, मराठी शिकवून तयार झालेल्या माझ्या डोक्यात शहराचा जो नकाशा होता, त्यात वारल्याला जागाच नव्हती. हा नकाशा मला कोणी दिला, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

सुरुवात व्याकरणाच्या शिक्षकाने करावी तशी एका शब्दापासून करतो. 'पाडा' हा शब्द फळ्यावर एकटा लिहिला, तर तो नाम आहे की क्रियापद हे सांगता येत नाही. नाम घेतले तर आदिवासींची वस्ती. क्रियापद घेतले तर आज्ञार्थ, म्हणजे ही भिंत पाडा, हे घर पाडा. शब्दाची जात वाक्यावरून ठरते, असे आपण मुलांना शिकवतो. मुंबईतल्या पाड्यांच्या बाबतीत हे वाक्य कोण लिहितो, हाच सगळा प्रश्न आहे.

१

मुंबईच्या गोरेगाव उपनगरातील आरे दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि शहराला चांगले दूध मिळावे, हा तिचा हेतू. क्षेत्र सुमारे ३,१६० एकर. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. मात्र ही जमीन मोकळी नव्हती. तिथे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे होते. भातखाचरे होती, ताडामाडाची आणि फळांची झाडे होती. आजही आरेत २७ पाडे असल्याचे सांगितले जाते. त्याच जमिनीतून पुढे चित्रनगरीला जागा मिळाली, राज्य राखीव पोलीस दलाला मिळाली, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या 'फोर्स वन' या पथकालाही मिळाली. पाड्यांतल्या कित्येक घरांत वीज पोहोचायला मात्र एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटावे लागले. एका बाजूला चित्रपटासाठी खोट्या खेड्याचे नेपथ्य उभे राहते, त्यावर दिव्यांचा झगझगाट होतो आणि पलीकडच्या खऱ्या पाड्यात रॉकेलची चिमणी जळते, हा विरोधाभास कुणा कथाकाराने रचला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

आता नगररचना या शास्त्राकडे वळू. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६० च्या दशकातला, दुसरा १९९० च्या दशकाच्या आरंभी मंजूर झालेला आणि तिसरा, २०३४ सालापर्यंतचा, २०१८ मध्ये मंजूर झालेला. आराखडा म्हणजे रंगवलेला नकाशा. निवासी भाग एका रंगात, उद्योग दुसऱ्या, मोकळ्या जागा हिरव्या. आरेचा मोठा भाग वर्षानुवर्षे 'ना-विकास क्षेत्र' होता, म्हणजे हिरवा. हिरव्या रंगात घर दाखवायची सोय नसते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा माणूस कागदावर दिसला नाही. आणि कागदावर न दिसणारा माणूस प्रत्यक्षात दिसू लागला की त्याला एकच नाव उरते : अतिक्रमण करणारा.

तिसऱ्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की दोनच महिन्यांत सरकारने तो रद्द करून नव्याने करायला सांगितले. गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे नीट दाखवलेले नाहीत, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कोळीवाडे हे मुंबईतले सर्वांत जुने वास्तव्य. मुंबादेवी ही मूळची कोळ्यांची देवी. ज्या वस्तीच्या देवतेवरून शहराने नाव घेतले, तीच वस्ती शहराच्या नकाशात शोधावी लागली.

नकाशातून सुटण्याचे परिणाम केवळ भावनिक नसतात. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती. पण संरक्षण कोणत्या कोळीवाड्याला? १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या संबंधित नोंदींत जो दाखवला आहे, त्याला. म्हणजे आधीच्या नकाशाने वगळले की पुढचा कायदाही वगळणार. २००६ च्या वनहक्क कायद्याची गोष्ट थोडी वेगळी, पण जात तीच. त्या कायद्याचा पाया ग्रामसभा हा आहे. दावा आधी ग्रामसभेपुढे यायचा. महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कोठून आणायची? आदिवासी भागांतील स्वशासनाचा १९९६ चा कायदा अनुसूचित क्षेत्रांपुरता आहे आणि मुंबई अनुसूचित क्षेत्रात येत नाही. कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आदिवासी होता, पण तो जंगलातला. शहर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गरीब होता, पण तो बाहेरून आलेला. जो कुठूनच आला नाही आणि ज्याच्याभोवती शहर येऊन बसले, त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

रकाना नसला की जवळचा रकाना चिकटवला जातो. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल वाचले पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण त्यानंतरच्या धामधुमीत जंगलातले मूळ पाडे आणि नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्या यांतला फरक पुसट होत गेला. झोपडपट्टीवासी ठरलेल्या आदिवासीला पुनर्वसनात इमारतीतली एक खोली मिळू शकते; खाचर, झाडे, कोंबड्या आणि वाघोबाचे ठाणे त्या खोलीत मावत नाही.

आरेतल्या मेट्रो कारशेडचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. या झाडांची संख्या वृत्तपत्रांनी अचूक छापली, हे चांगलेच झाले. पण कारशेडसाठी त्याआधी प्रजापूरपाड्यातील किती कुटुंबांना हलावे लागले, हे ज्यांना पाठ आहे असे किती वाचक निघतील? झाडांसाठी शहर रात्री रस्त्यावर आले. त्याच झाडांखालच्या माणसांची आठवण बऱ्याच जणांना पुढे झाली, आणि तीही झाडांमुळे.

मेट्रो नको होती, असे मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या शहरात रोज लोकलला लोंबकळणाऱ्यांत खानापूर तालुक्यातली आमचीही पोरे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून मेट्रो धावू लागली आणि वर्षभरात ती कफ परेडपर्यंत गेली, याचा त्यांना उपयोगच आहे. आक्षेप एवढाच, की रेघ ओढण्यापूर्वी त्या रेघेखाली कोण राहतो हे विचारण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

विचारले तर काय होते, याचे उदाहरणही मुंबईतच आहे. सागरी किनारा मार्गाच्या वरळीकडील पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणाले, वारा आणि प्रवाह असता एवढ्या अंतरातून होड्या सुखरूप जाणार नाहीत. २०० मीटर ठेवा. मोठा वाद झाला, काम अडले आणि अखेर १२० मीटरवर तडजोड झाली. ज्ञान दोन्ही बाजूंना होते. एका बाजूचे ज्ञान पुस्तकात होते म्हणून ते आधी ऐकले गेले. दुसऱ्या बाजूचे होडीत होते म्हणून त्याला भांडावे लागले.

२

हे सारे नगररचनाकारांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण हा लेख साहित्याच्या अंकात येतो आहे आणि आपल्या घरचा हिशेब आपण मांडला पाहिजे. माझे म्हणणे असे, की मराठी समीक्षेनेही आपल्या साहित्याचा एक विकास आराखडाच केला आणि त्यात तीच चूक केली.

मुंबईविषयीचे लेखन आपल्याकडे थोडे नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे. स्वातंत्र्यानंतर तर मुंबईने मराठी साहित्याचा कस पालटला. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३), भाऊ पाध्यांचे 'वासूनाका' (१९६५), नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६), मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९), नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' (१९७२). पांढरपेशा वाचकाने कधी न पाहिलेली मुंबई या पुस्तकांनी त्याच्या घरात आणली. त्यांचे मोल कमी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण ही पुस्तके एका दमात आठवली म्हणजे जाणवते, की त्यांतल्या मुंबईला येणारा माणूस ठाऊक आहे : गिरणीत आलेला, फलाटावर उतरलेला, खाडीच्या कडेला झोपडे बांधणारा, नशीब काढायला आलेला. मुंबई म्हणजे सर्वांनी येण्याची जागा, हे आपल्या महानगरी साहित्याचे गृहीतकृत्य आहे. जो आधीपासून तिथेच होता, त्याची कथा या गृहीतकृत्यात बसत नाही.

दुसरीकडे आदिवासींविषयीचे आणि आदिवासींचे लेखन पाहावे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आले. पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारीविरुद्ध उभा राहिलेला वारली या पुस्तकामुळे मराठी घरांना माहीत झाला. पुढे वाहरू सोनवणे यांचे 'गोधड' (१९८७) आणि भुजंग मेश्राम यांचे 'उलगुलान' (१९९०) आले आणि आदिवासी स्वतःच्या आवाजात बोलू लागला. समीक्षेने या लेखनाचे स्वागत केले आणि त्याला 'आदिवासी साहित्य' असे दालन दिले. येथपर्यंत ठीक. पण दालनांना भिंती असतात. महानगरी साहित्य पिवळ्या रंगात, ग्रामीण दुसऱ्या, दलित तिसऱ्या आणि आदिवासी हिरव्या. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे रंग पक्के झाले. एम. ए. च्या वर्गात आम्ही 'महानगरी जाणिवे'वर दहा-दहा पाने लिहिली, पण महानगरात आदिवासी राहतो का, हा प्रश्न आम्हाला कोणी घातला नाही आणि आम्हालाही तो सुचला नाही. तलासरीच्या वारल्याचे दुःख वाचून डोळे पुसणारा वाचक चर्चगेटहून बोरिवलीला जाताना गोरेगावच्या पूर्वेला त्याच वारल्याच्या नातलगाकडे पाठ करून बसलेला असतो, हे ना महानगरी समीक्षेने सांगितले ना आदिवासी समीक्षेने.

कोळी साहित्यात आलाच नाही असे नव्हे. तो आला, पण बहुतेक वेळा गाण्यातून आणि नाचातून. कोळीगीतांची लोकप्रियता मराठीत अफाट आहे; त्यांतली काही गीते उत्तम कवींनी लिहिली आणि थोर गायकांनी गायिली. पण गाण्यातला कोळी नेहमी आनंदी असतो, त्याची होडी नेहमी भरलेली असते आणि त्याच्या किनाऱ्यावर कधी भराव पडत नाही. वारल्याचेही तसेच झाले. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे साडीवर आहेत, कपबशीवर आहेत, शहरातल्या उड्डाणपुलांखालच्या भिंतींवर आहेत. चित्रातला वारली शहराला शोभा आणतो. चित्राबाहेरचा अडथळा ठरतो. सायन कोळीवाड्यात फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या खानावळींतून 'कोळीवाडा' नावाचा कोळंबीचा पदार्थ देशभर पसरला. तिथल्या रेल्वे स्थानकाचे पूर्वीचे नाव कोळीवाडा; आज ते गुरू तेगबहादूर नगर आहे. गुरूंच्या नावाविषयी आदरच आहे. पण आपण काय जपतो आणि काय सोडतो, याचा याहून बोलका नमुना मला सापडत नाही : खाद्यपदार्थांच्या यादीत कोळीवाडा राहिला, स्थानकाच्या पाटीवरून गेला.

याहून टोचणारी एक गोष्ट आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मुंबई कुणाची' या प्रश्नाचे उत्तर देताना आपण कोळ्यांचा दाखला देत होतो. मुंबईचे मूळ रहिवासी कोळी, त्यांची भाषा मराठी, सबब मुंबई महाराष्ट्राची. युक्तिवाद खरा होता आणि तो उपयोगी पडला. पण खटल्यात साक्षीदार वेगळा आणि वादी वेगळा. कोळ्याला आपण साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे केले, निकाल आपल्या बाजूने लागला आणि साक्ष संपल्यावर त्याला घरी जायला सांगितले. ते घर जागेवर आहे की नाही, हे पाहायला आपण गेलो नाही.

जगात इतरत्रही असेच घडले. पण कॅनडातल्या व्हॅन्कूव्हरचे एक उदाहरण निराळे आहे. शहराच्या मधोमध स्क्वामिश लोकांचे सेनाक्व नावाचे गाव होते. १९१३ साली तिथल्या कुटुंबांना हलवले गेले. त्यांच्या वंशजांनी न्यायालयात दीर्घ काळ झगडून २००३ च्या सुमारास त्यातली साडेदहा एकर जमीन परत मिळवली. त्या जमिनीवर स्क्वामिश लोक स्वतः ११ उंच इमारती आणि सुमारे ६,००० घरे बांधत आहेत. काम २०२२ मध्ये सुरू झाले. आदिवासी म्हटला की झोपडी आणि झाड, अशी ज्यांची समजूत होती त्यांना हे पाहून धक्का बसला. धक्का बसण्याचे कारण नाही. नकाशा काढणारा हात त्यांचा झाला, एवढाच फरक. आपल्याकडेही कोळीवाड्यांत काहींना पुनर्विकास हवा आहे, काहींना नको आहे. ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा असावा, इतकेच मागणे आहे.

३

आता सीमाभागातल्या वाचकाने विचारावे, की मुंबईची ही धुणी नंदगडात बसून धुण्याचे काय कारण? कारण आहे.

याद्या आणि नकाशे माणसाचे काय करतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात जी २६४ गावे महाराष्ट्राकडे द्यावीत असे म्हटले होते, त्यांत निपाणी, खानापूर यांच्याबरोबर नंदगडचेही नाव होते. बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवावे, असे त्याच अहवालाने सांगितले. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढचे सारे वाचक जाणतात. आपल्याला न विचारता आपल्याविषयी रेघ ओढली गेली, ही आपली पिढीजात तक्रार आहे. दाखल्यावरची भाषा, पाटीवरचे नाव यांसाठी आपण आयुष्य वेचले. म्हणून नकाशातून सुटलेल्या माणसाचे दुःख आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

पण कळते का? आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेला जंगलात धनगर-गवळ्यांचे वाडे आहेत, सिद्दींच्या वस्त्या आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींसाठी तसा कायदा संसदेने २०२० साली केला. मधल्या सतरा वर्षांत जिल्ह्याची हद्द ओलांडली की सिद्दी आदिवासी राहत नव्हता. या सतरा वर्षांत सीमाभागातल्या मराठी दिवाळी अंकांत त्यांच्यावर किती लेख आले? मी स्वतः एकही लिहिला नाही. भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. तळेवाडीच्या कुटुंबांना जंगलाबाहेर वसवण्याची प्रक्रिया अलीकडे, २०२५ मध्ये सुरू झाली. ती स्वेच्छेने होत असल्याचे सांगण्यात येते आणि रस्ता, दवाखाना, शाळा यांच्यासाठी माणसे बाहेर येऊ इच्छितात हेही समजण्यासारखे आहे. ती माणसे येतील कोठे? खानापूरच्या, बेळगावच्या कडेला. म्हणजे शहरातला आदिवासी, शहरातला वनवासी हा प्रश्न उद्या आपल्या दारात आहे. तेव्हा आपण त्याला काय म्हणणार आहोत : शेजारी, की अतिक्रमण?

आपल्याला नाव मिळाले नाही म्हणून रडणारा समाज दुसऱ्याला नाव द्यायला विसरला, तर त्याच्या रडण्याचे वजन कमी होते. हे कटू वाटेल. पण घरच्या अंकात घरचे बोलावे.

माझ्या हाती आराखडा नाही. माझ्या हाती शाळा आहे. म्हणून यंदा एवढे ठरवले आहे, की स्नेहसंमेलनात कोळीनृत्य बसवायचे असेल, तर बसवणाऱ्या मुलांनी आधी मुंबईतल्या पाच कोळीवाड्यांची नावे नकाशावर दाखवायची. भिंतीवर वारली चित्र काढायचे असेल, तर त्याखाली आरेतल्या एखाद्या पाड्याचे नाव लिहायचे. आणि तालुक्याच्या नकाशावर गवळीवाडे व सिद्दी वस्त्या मुलांनी स्वतः विचारून, जाऊन, पेन्सिलीने भराव्यात. छापील नकाशात त्या नीट नाहीत. मुलांच्या वहीत तरी असतील.

वसुबारसेच्या दिवशी आपण गाय-वासराची पूजा करून दिवाळी सुरू करतो. त्याच दिवशी वारल्यांची वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, त्याने गुराढोरांना आणि माणसांना सांभाळून घ्यावे, जंगलात दोघांनी राहावे, असा हा करार. आरेच्या जंगलात बिबटे आजही आहेत आणि वाघोबाची ठाणीही आहेत. वाघासाठी जागा ठेवून वस्ती करणाऱ्या माणसांकडे नगररचनेचे शास्त्र नव्हते, असे कोणी म्हणू नये.

मामा गोरेगावला असलेला तो विद्यार्थी शाळा सोडून गेला. पुढे कधी भेटला, तर त्याला सांगायचे आहे की तुझा मामा बरोबर होता. आणि 'पाडा' हा शब्द फळ्यावर लिहून कोणी विचारले, तर त्याने आधी नाम म्हणावे.